संग्रहालयांच्या पाट्यांवर शस्त्रांचे वजनही असावे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ऐतिहासिक युद्धखेळांसाठी लागणाऱ्या लघुप्रतिकृतींवर आलेला सचित्र लेख वाचला. लेखासोबतच्या छायाचित्रांत मराठा घोडेस्वारांची एक तुकडी रंगवून मांडलेली होती. रंगकाम खरोखरच देखणे होते आणि लेखकाने त्याचे केलेले कौतुक रास्तच आहे. मात्र त्या स्वारांच्या अंगावर आणि खोगिरावर काय होते, आणि मुख्य म्हणजे काय नव्हते, याविषयी लेखात अवाक्षरही नव्हते. मी आयुष्यभर साचे बनवण्याच्या व्यवसायात होतो आणि निवृत्तीनंतर याच छंदात रमलो आहे. या अनुभवावरून मला असे वाटते की, या खेळातला मराठा सैनिक अजून अर्धवट घडलेला आहे आणि त्याचा दोष परदेशी कारागिरांपेक्षा आपल्याच संग्रहालयांच्या कंजूष पाट्यांकडे अधिक जातो. तेवढेच मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

ज्या वाचकांना या खेळाचा परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नकाशावर ठोकळे मांडून लढाईचा अभ्यास करण्याची पद्धत प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास रूढ झाली. पुढे त्याच कल्पनेतून मेजावर लहान शिपाई मांडून, मोजपट्टीने अंतरे मोजून आणि फासे टाकून खेळायचे खेळ विकसित झाले. आज सर्वाधिक प्रचलित असलेली आकृती साधारण २८ मिलिमीटर उंचीची, म्हणजे माणसाच्या सुमारे छपन्नाव्या हिश्शाएवढी असते. तिच्याहून लहान १५ आणि ६ मिलिमीटरच्या आकृत्याही मिळतात. एक आकृती प्रत्यक्षातल्या वीस किंवा त्याहून अधिक माणसांच्या जागी धरली जाते. धातूच्या आकृत्या कथिलाच्या मिश्रधातूच्या असतात. रबराच्या गोल चकतीत मूळ आकृतीचे ठसे उठवून ती चकती गरगर फिरवतात आणि त्या वेगाने वितळलेला धातू आकृतीच्या बोटांपर्यंत पोहोचतो.

या पद्धतीमुळे काही चुका अटळ असतात आणि त्यांच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाकडची चकमकीची बंदूक साधारण १.४ मीटर लांब असे. छपन्नाव्या हिश्शाने ती २५ मिलिमीटरची होते, इथवर ठीक. पण तिची नळी त्याच प्रमाणात करायची तर जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीची करावी लागेल. तेवढ्या फटीत धातू नीट भरत नाही आणि भरलाच तर साच्यातून काढताना तुटतो. म्हणून कारागीर ती एक मिलिमीटरची करतो. याचा अर्थ, आकृतीएवढा माणूस पूर्ण उंचीचा केला तर त्याच्या हातातल्या बंदुकीची नळी मनगटाएवढी जाड भरेल. तलवारीच्या पात्याचे तेच. भाल्याचा प्रश्न मात्र छंदिष्टांनी केव्हाच सोडवला आहे. मराठा स्वाराचा भाला बांबूचा आणि स्वाराच्या उंचीपेक्षा कितीतरी लांब असे. ओतलेला भाला वाकतो, म्हणून आकृतीची मूठ मोकळी ठेवून तिच्यातून पोलादी तार ओवतात आणि टोक ठोकून चपटे करतात. ही तार प्रमाणातही बसते आणि बोटाला टोचतेही.

साच्याच्या मर्यादेमुळे नव्हे, तर माहितीच्या अभावामुळे होणाऱ्या चुका मात्र वेगळ्या असतात. ढालीचे उदाहरण घ्या. आपल्याकडच्या गोल ढालीच्या दर्शनी बाजूला बहुधा चार फुल्या असतात. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण त्या फुल्यांच्या आतून निघालेले खिळे ढालीच्या पाठीमागे चार कड्या धरून ठेवतात. त्या कड्यांत दोन चामडी किंवा गुंडाळलेल्या कापडाचे बंद अडकवलेले असतात आणि बंदांच्या खाली एक चौकोनी गादी असते. सैनिक दोन्ही बंद एकाच मुठीत आवळतो आणि त्याच्या बोटांची पेरे गादीवर टेकतात, म्हणजे ढालीवर वार बसला तरी हाड ठेचत नाही. ढाल अशी मुठीत धरलेली असल्यामुळे ती मनगटाच्या हालचालीने पुढे, बाजूला, डोक्यावर नेता येते आणि गरज नसताना खांद्यावरून पाठीवर टाकता येते. बाजारात मिळणाऱ्या कित्येक आकृत्यांत हीच ढाल युरोपातील मध्ययुगीन सरदाराप्रमाणे कोपरापर्यंतच्या हाताला बांधलेली दिसते आणि तिच्या मधोमध एकच मोठा गोळा असतो. चार फुल्यांच्या जागी एक गोळा आल्याने धातू वाचत नाही आणि साचाही सोपा होत नाही. घडवणाऱ्याने ढाल फक्त समोरून पाहिलेली असते, एवढेच त्याचे कारण. आणि आपल्या संग्रहालयांत ती भिंतीला चिकटवून टांगलेली असल्यामुळे त्याला ती मागून पाहायला मिळण्याची शक्यताही नसते.

तोड्याच्या बंदुकीची स्थिती याहून वाईट आहे. ही बंदूक चालते ती पेटत्या जामगीवर. सुताची किंवा काथ्याची ती दोरी सैनिकाला लढाईच्या सबंध काळात धुमसत ठेवावी लागे. ती जळत जाई, म्हणून जास्तीचे वेढे हाताला, कमरेला किंवा बंदुकीच्या दस्त्याला गुंडाळलेले असत. शिवाय नळीत भरायची दारू एका शिंगड्यात आणि कानावर, म्हणजे नळीला असलेल्या बत्तीच्या छिद्रावर, घालायची बारीक दारू, म्हणजे रंजक, दुसऱ्या लहान भांड्यात. गोळ्यांची पिशवी वेगळी, नळीत गोळी ठासायला गज, आणि कान बुजला तर मोकळा करायला एक सुई. हे सगळे कमरेच्या शेल्याभोवती आणि छातीवरून जाणाऱ्या बंदावर लटकत असे, त्यामुळे बंदूकवाल्याचा कमरेचा घेर इतरांपेक्षा भरलेला दिसला पाहिजे. प्रत्यक्षात मिळणाऱ्या आकृतीच्या कमरेला एक कट्यार खोचलेली असते आणि हातात लांब बंदूक असते. जामगीचा पत्ताच नसतो. जामगीवाचून तोड्याची बंदूक म्हणजे नुसती काठी. मी स्वतः तांब्याची बारीक तार पिळून ती या आकृत्यांना लावतो आणि टोकाला नारिंगी रंगाचा ठिपका देतो. ही उणीव भरून काढायला एवढेच पुरते.

आता त्या घोडेस्वारांकडे येतो, कारण आपल्या लेखातील छायाचित्रांचा विषय तेच होते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरील स्वारांवर, एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, हा भाग युद्धखेळाच्या नियमपुस्तिका लिहिणाऱ्यांनी बरोबर उचलला आहे, कारण त्यातून तुकड्यांचे आकडे मिळतात. पण त्याच ठिकाणी सभासद सांगतो की, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. हे दोघे मला आजवर एकाही संचात आढळलेले नाहीत. पंचवीस घोडी पाण्यावाचून आणि नालांवाचून किती मजल मारतील, हे ज्याने घोडे पाळले आहे त्याला विचारावे. पाण्याने फुगलेली चामड्याची पखाल आणि ती वाहणारा बैल घडवणे हे साचेकाराच्या दृष्टीने तर पर्वणीच आहे. त्यात मोडण्यासारखे बारीक काहीच नाही.

त्याच बखरीत आणखी एक नोंद आहे, जी या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. दसऱ्याला लष्कर मुलूखगिरीवर निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी होत असे आणि परतल्यावर झडती घेऊन त्या यादीशी ताळा पाहिला जाई, म्हणजे लुटीतला माल परभारे दडवता येऊ नये. म्हणजेच सैनिक बरोबर काय बाळगतो हा प्रश्न आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी कारकुनाच्या वहीत मांडला जात होता. या प्रश्नाला आज पोरकट छंद म्हणून हसणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

बारगीर आणि शिलेदार यांतला फरकही सामानातूनच दिसायला हवा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येई. त्यामुळे शिलेदारांच्या तुकडीत एकाकडे बापजाद्याचे चिलखत, दुसऱ्याकडे नुसती जाड बंडी, तिसऱ्याच्या तलवारीला युरोपातून आलेले सरळ पाते, चौथ्याकडे बाकदार तलवार, अशी सरमिसळ स्वाभाविक होती. विकत मिळणाऱ्या संचात मात्र बारा स्वार एकाच साच्यातून उतरलेले असतात आणि त्यांना शिलेदार म्हटले जाते. उलट घोड्याचे सामान सगळ्यांनाच लागे, आणि तेच कुणाच्या खोगिराला दिसत नाही. घोड्याच्या तोंडाला बांधायचा तोबरा, मुक्कामावर घोडा जखडायच्या अगाडी-पिछाडीच्या दोऱ्या, दाण्याची थैली आणि स्वाराचे घोंगडे एवढे खोगिरामागे बांधलेले असल्याखेरीज तो स्वार मोहिमेवर निघाला आहे असे म्हणता येत नाही. तो मिरवणुकीत चालला आहे, एवढेच फार तर म्हणता येईल. शिवछत्रपतींनी चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले पत्र अनेकांना शाळेपासून ठाऊक असते. त्या पत्रातील चिंता दाणा आणि वैरण यांची आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आधीच उधळला तर घोडी मरतील, आणि दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तर गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाव्याने ते लिहिले आहे. ज्या राजाने तोबऱ्यातल्या दाण्याचा एवढा हिशेब ठेवला, त्याच्या स्वाराच्या प्रतिकृतीला तोबराच नसावा, हे मला खटकते.

पुढच्या शतकात सामानाचा भार सैनिकाच्या पाठीवरून उतरून बाजारबुणग्यांच्या आणि वंजाऱ्यांच्या बैलांवर गेला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले त्यात या भाराचा वाटा किती होता, हे वाचकांना सांगायला नको. मात्र मेजावर पानिपत मांडणारे इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी आणि अफगाणांच्या उंटांवरील जंबुरे, म्हणजे लहान तोफा, मोठ्या हौसेने मांडतात आणि तंबू, बैल, धान्याच्या गोण्या, बायाबापड्या यांच्यासाठी मेजावर जागाच ठेवत नाहीत. मग खेळात भाऊसाहेब उपाशी सैन्य घेऊन का बाहेर पडले, याचे उत्तर फाशांत शोधावे लागते.

याउलट २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई घ्या. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात हे गाव आहे आणि जगभरचे युद्धखेळाडू ही लढाई मांडतात, कारण ती आर्थर वेलस्लीची, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनची आहे. तिच्यातील कंपनीच्या मद्रासी शिपायाची आकृती पाहिली तर त्याचा तांबडा डगला, निळे पागोटे आणि मांड्यांपर्यंतची पांढरी जांगी, तिच्या कडेची निळी दातेरी पट्टीसुद्धा, सहसा बिनचूक असते. स्कॉटिश ७४ व्या पलटणीने हिंदुस्थानच्या उन्हात किल्ट, म्हणजे त्यांचा चुणीदार घागरा, बाजूला ठेवून विजारी वापरल्या होत्या, हेही चांगल्या कारागिरांना माहीत असते, जरी किल्टवाले शिपाई जास्त खपतात म्हणून काही जण त्याकडे काणाडोळा करतात. पण समोरच्या बाजूला काय आहे? शिंद्यांच्या कवायती पलटणी, ज्यांची घडण द बॉयने या युरोपीय सेनानीने केली आणि ज्यांतील मोठ्या तुकडीचे नेतृत्व असईला पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाकडे होते. त्यांतल्या तेलंगा, म्हणजे युरोपीय कवायत शिकलेल्या शिपायांच्या, पलटणींचे डगलेही तांबडेच होते, बंदुका चकमकीच्या आणि संगिनीच्या होत्या, दारूगोळ्याच्या चामडी पेट्या कमरेला होत्या. समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन्ही फळ्या दुरून एकमेकींसारख्या दिसत असल्या पाहिजेत. बाजारातल्या संचांत मात्र शिंद्यांची पायदळ फळी पुष्कळदा ढाल-तलवारवाल्या, अनवाणी, विस्कळीत घोळक्याची असते. वेलस्लीच्या सैन्यातील १,५८४ माणसे त्या दिवशी मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली, ती अशा घोळक्यामुळे नव्हे. शिंद्यांचे गोलंदाज अखेरपर्यंत तोफांपाशी उभे राहिले आणि या हानीतला मोठा वाटा त्या तोफांचाच होता. त्या गोलंदाजांच्या आकृतीबरोबर पाण्याची बादली आणि नळी पुसायचा ओला कुंचा असला पाहिजे. नळीत धुमसता निखारा राहिला तर पुढची दारू भरणाऱ्याच्या तोंडावर उडते. म्हणून बादलीवाचून तोफ चालत नाही.

एका बाजूची जांगीची पट्टीसुद्धा बरोबर आणि दुसऱ्या बाजूची अख्खी पलटण चुकीची, असे का व्हावे? यात मला परकीयांचा आकस दिसत नाही. ब्रिटिश सैन्याचे गणवेशाचे नियम छापलेले आहेत, समकालीन चित्रे आहेत आणि त्यांच्या संग्रहालयांतून त्या काळच्या बंदुका, पेट्या, पाण्याच्या लाकडी बुधल्या यांची लांबी, वजन आणि पुढची-मागची छायाचित्रे कुणालाही पाहायला मिळतात. कारागीर परदेशात बसून ती मापे घेतो आणि काम करतो. आपल्याकडील एका संग्रहालयात मी एका तलवारीसमोर उभा होतो. पाटीवर लिहिले होते: ‘तलवार, अठरावे शतक, पोलाद’. पोलादाची आहे हे दिसतच होते. वजन किती, पाते किती लांब, कोणत्या ठिकाणी तोलते, म्यान मूळचे की नंतरचे, ती खांद्यावरून बंदाने लटकवत की शेल्यात खोचत, यातले काहीही नाही. चौकशी केली तेव्हा वजन नोंदवहीत असल्याचे, पण नोंदवही दाखवता येत नसल्याचे सांगण्यात आले.

या मौनाची किंमत केवळ छंदिष्टांनाच मोजावी लागते असे नाही. समाजमाध्यमांवर अमुक वीराची तलवार चाळीस किलोची होती, तमुकाचा भाला ऐंशी किलोचा होता, असे संदेश दरवर्षी नव्याने फिरतात आणि शिकलेली माणसेही ते पुढे पाठवतात. प्रत्यक्षात लढाईत वापरलेली तलवार साधारण एक किलोच्या मागे-पुढे असते आणि कड्यांचे अंगभर चिलखत दहा-बारा किलोचे. चाळीस किलोची तलवार उचलणारा वीर मोठा ठरत नाही, उलट एक किलोची तलवार तासन् तास, घोड्यावर बसून, धुळीत आणि उन्हात चालवणाऱ्याचे कसब त्यामुळे झाकले जाते. एका पाटीवर ‘वजन ९८० ग्रॅम’ एवढे लिहिले असते तर अर्धे संदेश तिथेच थांबले असते.

या ठिकाणी एक खुलासा करतो. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात आणि त्यावर कुंभाराकडचे मातीचे मावळे मांडतात, त्यांना माझी ही फूटपट्टी मुळीच लावू नये. तिथे पहारेकरी दरवाज्यापेक्षा उंच असतो, तोफेपेक्षा कोंबडा मोठा असतो आणि अळीवाच्या हिरवळीत वाघ गवळणीशेजारी बसलेला असतो; ते तसेच छान आहे. पण जो छंद स्वतःला ऐतिहासिक म्हणवतो, ज्याच्या आकृत्यांच्या खोक्यावर सन आणि लढाईचे नाव छापलेले असते, त्याने अचूकतेचा आग्रह स्वीकारलेलाच असतो.

सरकारी आणि विश्वस्त संस्थांच्या संग्रहालयांकडे माझी मागणी त्यामुळे खर्चिक नाही. नवी दालने, ध्वनिप्रकाश, पडद्यावरची धावती चित्रे यांच्यासाठी निधी येईल तेव्हा येवो. तोपर्यंत प्रत्येक शस्त्राची लांबी आणि वजन पाटीवर लिहावे, ढाली, शिंगडी, चिलखते यांची पाठीमागची आणि आतली छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवावीत, आणि निदान एक ढाल भिंतीवरून काढून काचेच्या पेटीत अशी उभी करावी की तिच्याभोवती फिरता येईल. शस्त्रांबरोबर आलेले जामग्यांचे तुकडे, तोबरे, खोगिराचे पट्टे, पखाली असे जे किरकोळ म्हणून कोठारात पडून असेल, त्याचीही यादी प्रसिद्ध करावी. तलवारी पुष्कळ आहेत. तोबरे फार थोडे उरले असणार.

ज्यांच्या घरी दसऱ्याला पूर्वजांची शस्त्रे पूजेला निघतात त्यांनाही एक विनंती. शस्त्र विटकरीच्या भुकटीने किंवा पॉलिशकागदाने घासून चकाकवण्यापूर्वी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवावे आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे. ढालीच्या आतली कसर लागलेली गादी आणि तुटलेले बंद तर कृपया टाकून देऊ नयेत. कापडी पिशवीत घालून ढालीसोबतच ठेवावेत.

कळावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे